पाटीसाठी सापडलेली गाडी ब्रेकसाठी का सापडत नाही?

जुन्या गाड्यांना सक्तीच्या केलेल्या नंबरपाटीवर या जागेत बरंच लिहून झालंय, तो सगळा इतिहास पुन्हा उगाळत नाही. पण या आठवड्यात धाराशिवच्या एका गॅरेजवर जे पाहिलं, त्याने तो विषय परत काढायला लावला.

कळंब तालुक्यातला एक पोरगा मोटारसायकल घेऊन आला होता. "मिस्त्री, मागचा बिरेक लागंना झालाय." मिस्त्रींनी पाना घेतला, ब्रेक रॉडचा नट दोन-तीन आटे आवळला, पॅडल दाबून पाहिलं आणि दिली गाडी सोडून. मी मध्ये पडलो. आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचून शंका आली. हँडलखालच्या मुंडीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, चेसिस नंबर उतरवून घेतला आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. गाडी ब्रेकच्या दोषासाठी परत बोलावलेल्या, म्हणजे रिकॉल केलेल्या लॉटमधली निघाली. दुरुस्तीचं काम झालेलं नव्हतं. कंपनी कोणती हे इथे महत्त्वाचं नाही. तिने मेसेज पाठवला असेल तर तो पहिल्या मालकाच्या मोबाइलवर, आणि त्याने गाडी कधीच विकलेली. दुसऱ्याने फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्या आणि नावावर न करताच पुढे दिली. हा तिसरा. बायको-लेकराला मागे बसवून येरमाळ्याच्या यात्रेला तो याच गाडीवर जाऊन आला होता.

मिस्त्रींना मी दोष देत नाही. ब्रेक लागत नाही म्हटलं की आवळून द्यायचा, हीच आपल्याकडची रीत. पण रिकॉलचा दोष पान्याने जात नाही, हे एका उदाहरणाने सांगतो. रॉयल एनफिल्डने डिसेंबर 2021 मध्ये 26,300 क्लासिक 350 परत बोलावल्या. 1 सप्टेंबर ते 5 डिसेंबर 2021 या काळात बनलेल्या, सिंगल चॅनल एबीएसच्या आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्या. मागचा ब्रेक दाबला की लायनर ड्रमला आतून धरतात आणि चाकाबरोबर ब्रेक प्लेटही फिरू पाहते. तिला जागच्या जागी अडवून धरणारा एक ब्रॅकेट स्विंगआर्मवर असतो. पॅडलवर फार मोठा जोर आला तर तो निकामी होऊ शकतो, असं कंपनीलाच आढळलं. आता रॉडचा नट कितीही आवळा, ब्रॅकेट होता तसाच राहतो. पॅडल मात्र कडक लागतं आणि माणूस निर्धास्त होऊन घाट उतरतो.

हे एकाच कंपनीचं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मारुतीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून 9,925 गाड्या मागच्या ब्रेकमधल्या एका पिनसाठी बोलावल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये यामाहाने रे झेडआर आणि फॅसिनो या सव्वाशे सीसीच्या सुमारे तीन लाख स्कूटर ब्रेक लिव्हरसाठी बोलावल्या. दोष कबूल करून पार्ट फुकट बदलून देणारी कंपनी वाईट नव्हे, उलट तिच्यावर थोडा जास्त भरवसा ठेवावा, असं माझं मत आहे. मला अस्वस्थ करतो तो बलेनो आरएसचा दाखला. एप्रिल 2023 मध्ये मारुतीने या मॉडेलच्या 7,213 गाड्या बोलावल्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती, त्यामुळे पॅडल नेहमीपेक्षा जोरात दाबावं लागलं असतं. या गाड्या ऑक्टोबर 2016 ते नोव्हेंबर 2019 या काळातल्या. म्हणजे सगळ्यात जुनी गाडी तोवर साडेसहा वर्षांची झालेली. इतक्या काळात आपल्याकडे गाडी कितीदा हात बदलते, हे ज्याने सेकंडहँड बाजार पाहिलाय त्याला सांगायला नको.

आता पाटीकडे येतो. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक गाडीला उच्च सुरक्षा पाटी लावायची, असं ठरलं. 31 मार्च 2025 ची मुदत दिली, ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, तरी सरकारने विषय सोडला नाही. दुचाकीला 450 रुपये आणि वर जीएसटी. भूमचा शेतकरी, परंड्याचा दूधवाला, लोहाऱ्याची अंगणवाडी सेविका, सगळ्यांपर्यंत हा निरोप पोचला. तो पोचला कारण कामं अडली. पाटी नाही तर मालकी हस्तांतर नाही, बँकेचा बोजा चढणार-उतरणार नाही, पत्ता बदलणार नाही. चोरीच्या गाड्या ओळखू याव्यात म्हणून हे केलं, हेतू चांगलाच आहे. पण पाटीविना गाडी घाटात घसरत नाही. ब्रेकविना घसरते. ज्या यंत्रणेने पाटीसाठी आठही तालुके पालथे घातले, तिने ब्रेकसाठी निरोपाचं सगळं काम कंपनीच्या एका मेसेजवर सोडून द्यावं, हे मला कुठल्याही बाजूने पटत नाही.

चलानचंही तेच. गाडी तिसऱ्या हाती असली तरी दंड लपत नाही, कारण तो गाडीच्या नंबरावर चढतो. नंबर टाकला की विमा संपलेला दिसतो, पीयूसी संपलेली दिसते, थकलेला दंड दिसतो. कंपनीचा रिकॉल मात्र माणसाच्या मोबाइलवर जातो, आणि गाडी विकली गेली की निरोप जुन्या माणसापाशीच राहतो. तोही गाडीच्या नंबरावर चढवा. वाहन पोर्टलवर लाल अक्षरात एक ओळ दिसू द्या आणि ते काम झाल्याशिवाय हस्तांतर होऊ देऊ नका. अमेरिकेत कंपनीला राज्यांच्या नोंदणीवरून आजच्या मालकाचा पत्ता काढून टपालाने पत्र पाठवावं लागतं. जर्मनीत मालक शोधायला नोंदणी खातं मदत करतं आणि गंभीर दोष दुरुस्त करून न घेतलेली गाडी रस्त्यावरून उतरवता येते. आपल्या परिवहन खात्याकडे माहिती आहे, अडवण्याचा अधिकारही आहे. पाटीच्या वेळी दोन्ही वापरून झालेत.

कायदा नाही असंही नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110 अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत दोष असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रारी केल्या, तर सरकार चौकशी करून सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. यातली मेख तक्रारींच्या प्रमाणात आहे. पुण्या-मुंबईचा मालक पोर्टलवर तक्रार नोंदवतो. आपल्याकडचा गॅरेजला जातो, नट आवळून घेतो आणि शंभराची नोट देऊन निघतो. ती तक्रार कुठल्याच मोजणीत येत नाही. त्या पोराने ब्रेकसाठी याच वर्षात बऱ्याचदा पैसे मोजले होते, आणि सरकारदरबारी त्याची गाडी बिनतक्रार होती.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर उसाच्या ट्रॉल्याही सोडणार नाही. साखर कारखाने पेटले की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस रस्त्यावर येतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नाही. उतारावर मागचा सगळा भार ट्रॅक्टरला पुढे ढकलतो आणि थांबवायला फक्त ट्रॅक्टरची मागची दोन चाकं. या ट्रॉल्या गावोगावच्या वर्कशॉपात जोडल्या जातात, मग त्यांना परत कोण बोलावणार? कारखान्याने गेटवर ब्रेक पाहूनच ऊस उतरवून घ्यावा, ही मागणी मी दर हंगामात करतो, याही हंगामात करणार.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं तरी करा. आरसीवरचा किंवा मुंडीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, ते जमत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर वाचून दाखवा. आपण तिसरे मालक आहोत म्हणून कचरू नका; रिकॉल गाडीचा असतो, पैसे द्यावे लागत नाहीत आणि पहिल्या मालकाची चिठ्ठी लागत नाही. काम झालं की जॉबकार्डवर तसं लिहून घ्या, विकताना ते कामी येतं. जुनी गाडी घेणार असाल तर पैसे हातावर ठेवण्याआधी हे करा. आणि ज्यांनी गाडी विकली आहे, पण कंपनीचे मेसेज अजून ज्यांच्या मोबाइलवर येतात, त्यांनी तो मेसेज पुसण्याआधी घेणाऱ्याला पुढे पाठवावा, तेवढा नंबर सगळ्यांकडे असतो.

कंपन्यांकडेही एक मागणी आहे. एखाद्या कंपनीचं अधिकृत सेंटर गाठायला परंड्याच्या माणसाला बार्शी किंवा सोलापूर धरावं लागतं, त्यात दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीच्या तोंडावर नव्या गाड्यांच्या बुकिंगसाठी तालुक्याच्या गावी तंबू ठोकता, तसाच एक भूम, परंडा आणि उमरग्यात रिकॉलच्या कामासाठी ठोका. त्या कळंबच्या पोराला सर्व्हिस सेंटरने पुढच्या बुधवारची तारीख दिली आहे.