मेणाचा हिशेब झाडांकडे

२०१४ च्या हिवाळ्यात मी ऑनसाइट ऑस्लोला होतो. नॉर्वेजियन माणूस पायात स्की घालूनच जन्माला येतो, असं तिथले लोक स्वतःच सांगतात. रविवारी एक नंबरच्या मेट्रोत चढलं की निम्मा डबा स्की घेऊन उभा! शेवटच्या स्टेशनला उतरलं की समोर जंगल. टीममधल्या एकाने मला स्कीला मेण लावायला शिकवलं. इस्त्रीने वितळवायचं, थंड झालं की खरवडायचं, मग ब्रश मारायचा. "हे फ्लोरोवालं आहे, महाग असतं, पण बघ कसं पळतं!" पळालं खरं. मी चारदा आपटलो ती गोष्ट वेगळी :-)

त्या मेणात काय असतं ते मला फार उशिरा कळलं. पीफास नावाची रसायनं. कार्बन आणि फ्लोरीनचा बंध इतका पक्का की निसर्गात तो जवळजवळ तुटतच नाही. मेण झिजून बर्फात राहतं आणि बर्फ वितळला की मातीत उतरतं. ट्रॉनहाइमच्या ग्रॅनोसेन स्की केंद्रातली माती, गांडुळं आणि रानउंदीर तपासले, तर स्की न चालणाऱ्या भागापेक्षा तिथे ही रसायनं जास्त निघाली. हे २०१९ साली छापून आलं. म्हणजे माझ्या त्या रविवारच्या मजेचा थोडा वाटा कुठल्यातरी गांडुळाच्या पोटात आहे.

आता बंदी आहे. युरोपात पीफासपैकी पीएफओएवर २०२० पासून, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतींत सगळ्याच फ्लोरो मेणावर २०२३-२४ च्या मोसमापासून. शर्यतीच्या जागी इन्फ्रारेड यंत्राने स्की तपासतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनला नॉर्वेची एक ऑलिंपिक पदकविजेती याच तपासणीत बाद झाली. झकास! मग प्रश्न मिटला?

मला नाही वाटत. यंत्र तपासतं खेळाडूची स्की. माझ्यासारख्या हौशी माणसाच्या कपाटातला जुना डबा कोण तपासणार? आणि तीसेक वर्षांत जे जंगलात सांडलं, त्याचं काय? रिलीजच्या आधी टेस्टिंग झालं म्हणून आपण प्रॉडक्शनवरचं मॉनिटरिंग बंद करतो का?

गंमत म्हणजे हे मॉनिटरिंग करणारे तिथेच उभे आहेत. पाइनच्या सुयांवर मेणचट थर असतो, हवेतलं बरंच काही त्याला चिकटतं. मुळांवाटेही काही रसायनं वर चढतात. शिवाय सुया झाडावर काही वर्षं टिकतात, आणि फांदीवरच्या जागेवरून कुठली सुई कुठल्या वर्षीची ते सांगता येतं. वीज नको, बॅटरी नको, तारीखवार लॉग तयार! नॉर्वे आणि स्लोव्हाकियातल्या स्कीच्या वाटांलगतच्या सुयांमध्ये पीफास सापडल्याचा अभ्यास २०१६ साली, म्हणजे बंदीच्या कितीतरी आधी, प्रसिद्ध झाला होता.

झाड सगळं सांगत नाही हे मान्य. सुईत सापडलेलं रसायन मेणातून आलं की वाऱ्याबरोबर दुरून, हे एकट्या सुईवरून ठरत नाही. म्हणून वाटेपासून लांबच्या झाडाच्या सुयाही घ्याव्या लागतात, आणि मातीही. पण एकदाच तपासून पेपर छापण्यात अर्थ नाही. तीच झाडं, तोच महिना, दरवर्षी, निदान वीस वर्षं. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. म्हणूनच त्याला पैसे मिळणं कठीण, आणि म्हणूनच शर्यती भरवणाऱ्यांनी ते द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. स्की तपासायला यंत्रं घेता येतात, तर जंगल तपासायला थोड्या सुया का नाही?

बंदीचा कागद आपण लिहिला. ती पाळली गेली की नाही हे मात्र त्या झाडांनाच विचारायला हवं. माझ्या हातून सांडलेलं मेणही त्यांच्याच हिशेबात असेल.

असो. चहा थंड झाला!