सुपरमॅन आणि एलिया

जून २०१३ मध्ये 'मॅन ऑफ स्टील' हा सुपरमॅनपट प्रदर्शित झाला, तेव्हा वॉर्नर ब्रदर्स ह्या कंपनीने अमेरिकेतील ख्रिस्ती पाळकांसाठी प्रवचनाचे टिपणही उपलब्ध करून दिले होते. येशू हाच मूळ सुपरहिरो, असा त्याचा आशय होता. जुलै २०२५ मध्ये सुपरमॅन पुन्हा नव्या रूपात पडद्यावर आला. धर्मशिक्षणाच्या वर्गात एलिया संदेष्ट्याची ओळख 'बायबलमधला सुपरमॅन' अशी करून देण्याचा मोह शिक्षकांना व्हावा, हे स्वाभाविक आहे. पण ही तुलना कितपत टिकते?

वरवर पाहता ती टिकते. जेरी सीगल व जो शुस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोन ज्यू तरुणांचे हे पात्र १९३८ साली वाचकांसमोर आले. विनाशातून वाचवण्यासाठी आईवडिलांनी दूर पाठवलेले आणि परक्यांच्या घरी वाढलेले हे बालक पाहून लव्हाळ्याच्या पेटाऱ्यातील मोशे आठवतो.

मात्र सुपरमॅनचे बळ त्याच्या देहातच आहे; त्यासाठी त्याला कोणाची प्रार्थना करावी लागत नाही. एलियाकडे स्वतःचे असे काहीच नव्हते. दुष्काळात त्याला कावळ्यांनी अन्न पुरवले, नंतर सारफथच्या विधवेच्या उरल्यासुरल्या मूठभर पिठावर तो अवलंबून राहिला. तिचा मुलगा दगावला, तेव्हा त्याने देवापुढे अक्षरशः गाऱ्हाणे मांडले. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला खरा. पण ईजबेल राणीची धमकी येताच तो रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला (१ राजे १९). हा प्रसंग मुलांना सहसा सांगितला जात नाही. खचलेल्या मुलाला तोच अधिक जवळचा वाटेल.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: नायक कोणाला अडवतो? सुपरहिरो बहुधा दरोडेखोरांशी नाहीतर परग्रहवासीयांशी झुंजतो. एलिया मात्र नाबोथाचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाब राजासमोर उभा राहिला. तेथे चमत्कार नव्हता, केवळ शब्द होता. गंमत अशी की, १९३८ च्या पहिल्या अंकातील सुपरमॅनही काहीसा ह्याच वाटेने गेला होता. पत्नीला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला त्याने धडा शिकवला, देहदंड झालेल्या निरपराध स्त्रीला वाचवले आणि दलालाशी संगनमत करणाऱ्या सिनेटरचा माग काढला. पुढे तो लोकप्रिय झाला आणि पुष्कळसा सौम्यही. २०२५ च्या चित्रपटात दुर्बळ देशावरील आक्रमण रोखल्याबद्दल त्यालाच जाब विचारला जातो, तेव्हा द्राक्षमळ्यात एलियाला पाहून त्याला वैरी म्हणणारा अहाब आठवतो.