क्लचमध्ये औषधालाही जागा हवी

लग्नसराईत पैठणीबरोबर हातात क्लच हवाच, असा आता रिवाज झाला आहे. दिसतो तो सुरेखच. पण त्याला पट्टा नसतो आणि आत जागा जेमतेम. मोबाइल, लिपस्टिक आणि आहेराचे पाकीट ठेवले की तो भरला. मग घरी राहते ते औषध.

ही बाब किरकोळ नाही. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घरीच घेतलेले असते. मुहूर्त पुढे सरकतो, फोटो लांबतात आणि जेवायला तीन वाजतात. औषध मात्र आपले काम करत राहते. हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. मांडवात ती उकाड्याच्या आणि दगदगीच्या नावावर खपून जातात. रक्तातील साखर ७०च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर लगेच घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा-बर्फीवर विसंबू नये; त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकाला फोन करावा.

दम्याचेही तसेच. होमाचा धूर, फटाके, अत्तर यांनी धाप लागली, तर इनहेलर हाताशीच हवा. ‘यांच्या खिशात आहे’ म्हणावे, तर ‘हे’ मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. ‘गाडीत आहे’ म्हणावे, तर उन्हात तापलेली गाडी इनहेलर ठेवण्याची जागा नव्हे.

यात बायकांचा दोष मला दिसत नाही. पुरुषाला शर्ट-पँटबरोबर खिसे आपसूक मिळतात. साडीला एकही नसतो. परकराला किंवा कुर्त्याला खिसा लावून देणे शिंप्याला अवघड नाही. आणि क्लच विकत घेताना मोबाइलबरोबर आपले औषध आत ठेवून तो मिटतो का, एवढे पाहा. मिटत नसेल, तर कितीही देखणा असो, तो तुमच्या कामाचा नाही.

हातात धरायची छोटी पिशवी आपल्याला नवी नाही. बटवा होताच, आणि ‘आजीबाईचा बटवा’ म्हटले की आजही औषधेच आठवतात. नातीच्या क्लचने तेवढा वारसा तरी चालवावा.