हत्यार नाही म्हणून गाडी परत पाठवू नका

'या गाडीचं हत्यार आमच्याकडे नाही. पुढचे बुश बदलून मिळणार नाहीत.' या आठवड्यात एका मोठ्या गॅरेजमध्ये हे उत्तर मिळालं आणि माझा संताप अजून उतरलेला नाही. माझी गाडी म्हणजे जुनी पद्मिनी. सुटे भाग मिळत नाहीत म्हणाले असते तर समजू शकलो असतो; पण नवे बुश माझ्या पिशवीत होते.

माहिती थोडक्यात. कुर्ल्याच्या प्रीमिअर कंपनीनं १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट काढली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. पुढच्या प्रत्येक चाकाला वरखाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. आर्म जिथं फिरतो तिथले रबरी बुश कडक झाले की खड्ड्यात खडखड होते आणि टायर एका कडेनं झिजतो.

आता ते हत्यार म्हणजे काय? प्रेस. ती बुशला सरळ रेषेत, चहूबाजूंनी सारखा दाब देते. तोच दाब हार्डवेअरच्या दुकानातल्या लांब, मजबूत बोल्टनं मिळतो. एका बाजूला आर्मच्या भोकातून जाईल एवढी गोटी (सॉकेट), दुसऱ्या बाजूला जुना बुश मावेल असा पाइपचा तुकडा, जाड वॉशर आणि आट्यांना ग्रीस. पान्ह्यानं नट आवळत गेलं की बुश पाइपात सरकतो. गंजून बसला असेल तर रबर ड्रिलनं पोखरायचं आणि बाहेरची नळी हॅकसॉच्या पात्यानं कापायची, आर्मला चरा न पाडता. नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की किंचित आकसतो. बसवताना साबणाचं पाणी लावा. तेल-ग्रीस रबराला खातं.

स्प्रिंगशी मात्र जुगाड करायचा नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते. तिच्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्यानं आणायचाच, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर (स्टँडवर) उभी करायची.

हे सगळं मी टॅक्सीच्या मिस्त्रींकडून शिकलो. फुटपाथवर बसून, मोजक्या पान्ह्यांत ते पद्मिनीचं पुढचं अंग उघडत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. गाड्यांचे फोटो तरी राहिले. त्या मिस्त्रींच्या हातातलं ज्ञान कुठं राहणार, याची मला खरी काळजी वाटते.

कारण यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हत्यारात नाहीच. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं आणि पीळ खाऊन काम करतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. मग दोष कंपनीला आणि गाडीच्या वयाला दिला जातो. प्रेस असलेल्या गॅरेजातही ही चूक होते.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या भागात असा एखादा मिस्त्री अजून काम करत असेल, तर पुढचं काम त्यालाच द्या, आणि एखाद्या शिकाऊ मुलाला शेजारी बसवा.