विश्लेषण : पद गेले, वाद उरला... प्रफुल्ल पटेल यांनी भारतीय फुटबॉलला काय दिले?

भारतीय फुटबॉल संघ हरला की एक जुना वाद पुन्हा उकरला जातो. प्रफुल्ल पटेल यांच्या काळात खेळ वर गेला की खाली? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे (एआयएफएफ) अध्यक्षपद त्यांच्याकडून मे २०२२ मध्ये गेले. त्यानंतर संघाची घसरगुंडी झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत १४२व्या स्थानी पोहोचला. त्यामुळे ‘त्यांच्या वेळी निदान शंभराच्या आसपास होतो’ म्हणणाऱ्यांना जोर आला. ‘आज जे भोगतोय ते त्यांनीच पेरलेले’ म्हणणारेही तितक्याच तावातावाने बोलतात. जव्हार, मोखाड्यासारख्या रेल्वे न पोहोचलेल्या डोंगरी तालुक्यांत सामना आणि वाद दोन्ही फोनच्याच पडद्यावर येतात. मात्र या वादाचा संबंध तिथल्या शाळेच्या मैदानाशीही आहे, आणि तो सहसा कुणी जोडत नाही.

एवढी वर्षे एकच अध्यक्ष कसा?

पटेल मूळचे गोंदियाचे. केंद्रात हवाई वाहतूक मंत्री असतानाच ते फुटबॉलच्या कारभारात होते. आधीचे अध्यक्ष प्रियरंजन दासमुन्शी २००८ मध्ये गंभीर आजारी पडले आणि पटेलांकडे हंगामी सूत्रे आली. २००९ मध्ये ते रीतसर निवडून आले, पुढे २०१२ आणि २०१६ मध्येही. दासमुन्शी यांनी सुमारे वीस वर्षे हे पद सांभाळले होते. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ देशाचे फुटबॉल फक्त दोन माणसांनी चालवले, आणि दोघेही पूर्णवेळ राजकारणी. यात फुटबॉल एकटे नाही. जव्हार-मोखाड्यात ज्या खेळाची सर्वांना जाण आहे त्या कबड्डीत जनार्दनसिंह गेहलोत २८ वर्षे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. नंतर ते ‘तहहयात अध्यक्ष’ झाले आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी आल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या दोन्ही गोष्टी रद्द ठरवल्या. कबड्डी १९९० मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत पोहोचली ती गेहलोतांच्याच काळात, हेही तितकेच खरे. काम केले म्हणून खुर्ची कायमची, असा हिशेब आपल्याकडे सहज मान्य होतो.

समर्थकांची बाजू काय?

ती कमकुवत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाची विश्वचषक स्पर्धा देशात येण्याची ही पहिलीच वेळ. नवी मुंबईसह सहा शहरांत मिळून १३ लाख ४७ हजारांवर प्रेक्षक आले. या वयोगटाच्या विश्वचषकासाठी तो विक्रम होता. जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध हेडरने मारलेला गोल हा फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. क्रमवारीत मार्च २०१५ मध्ये १७३वर असलेला संघ जुलै २०१७ मध्ये ९६वर आला आणि २०१९ च्या आशियाई चषकात खेळला. महिलांची राष्ट्रीय लीग याच काळात सुरू झाली. २०१९ मध्ये पटेल स्वतः फिफाच्या परिषदेवर निवडून गेले. तिथे पोहोचणारे ते पहिले भारतीय.

शिवाय पैसा. डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) उभी राहिली. दूरचित्रवाणीवर दिसेल असे फुटबॉल, परदेशी प्रशिक्षक, खेळाडूंना बरे मानधन हे सगळे त्यामुळे आले. आयएसएल नसती तर आजच्या विशीतल्या किती मुलांनी भारतीय फुटबॉल पाहिले असते, हा समर्थकांचा प्रश्न टोलवता येत नाही.

मग टीका कशावर?

त्याच करारावर. नवी लीग वर आणताना जुने क्लब खाली ढकलले गेले. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोला या नव्या आराखड्यात वरच्या फळीत येण्याची वाटच दिसत नव्हती. गोव्यात २०१२ मधल्या खाणबंदीने उद्योगघराण्यांचा हात आखडला होता, हे विसरून सगळा दोष महासंघावर टाकणे बरोबर नाही. पण जे क्लब आधीच धापा टाकत होते त्यांना महासंघाने आधार दिला नाही, उलट दार अरुंद केले.

महाराष्ट्राचे काय झाले तेही पाहा. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये राज्याचे तीन संघ होते : मुंबई एफसी, पुणे एफसी आणि भारत एफसी. आयएसएलमध्ये मुंबई सिटी आणि पुणे सिटी. भारत एफसी एका हंगामात आटोपला, पुणे एफसीचा गाशा गुंडाळला गेला, नंतर आलेला डीएसके शिवाजीयन्स टिकला नाही, मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि बंद पडला, पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. राहिला एक मुंबई सिटी. देशाच्या फुटबॉलचा अध्यक्ष महाराष्ट्राचा, राज्यातली ‘विफा’ संघटनाही त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि याच वर्षांत राज्यातले क्लब एकामागोमाग मिटले. क्लब म्हणजे मुलाला शाळेनंतर खेळायला मिळणारी जागा. ती जागाच नाही तर आश्रमशाळेतला एखादा चपळ मुलगा सतराव्या वर्षी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो आणि फुटबॉल तिथेच सुटते.

खुर्ची सोडण्याचा घोळ काय होता?

राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार अध्यक्षाला १२ वर्षांची मर्यादा. २०१६ ची निवडणूक संहितेप्रमाणे झाली नाही म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ती रद्द केली. देशातला विश्वचषक तेव्हा नुकताच संपला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि महासंघाची नवी घटना तयार करायला सांगितले. डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपली, पण घटनेचे प्रकरण न्यायालयात आहे या कारणाने निवडणूक झाली नाही. कार्यकारिणी तशीच राहिली. अखेर १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला बाजूला करून तीन सदस्यांची प्रशासक समिती नेमली.

यानंतर जे घडले ते पटेलांच्या कट्टर समर्थकांनीही नीट आठवावे. ‘त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप’ असे कारण देत फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला निलंबित केले. गोकुलम केरळचा महिला संघ तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. त्या मुली मैदानात न उतरताच परतल्या. देशाची लीग जिंकून त्यांनी ही संधी कमावली होती. अकरा दिवसांनी निलंबन उठले. ऑक्टोबरमधला १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक वाचला, गोकुलमची स्पर्धा मात्र गेलीच. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी माजी कर्णधार बायचुंग भुतियाला ३३-१ ने हरवले. मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. नामवंत माजी खेळाडूंनाही मतदार करावे हा प्रस्ताव फिफाने मान्य केला नव्हता. चाहत्याला तर मत कधीच नव्हते.

मग वारसा मोजायचा कसा?

इंग्लंडमध्ये असाच वाद डॅनियल लेव्ही यांच्यावरून झडला. टॉटनहॅम क्लबचे अध्यक्षपद त्यांनी २००१ पासून सांभाळले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सोडले. जवळपास पाव शतकात २००८ चा लीग कप आणि २०२५ चा युरोपा लीग, एवढ्याच मोठ्या ट्रॉफ्या. दुसऱ्या बाजूला ६२ हजारांवर आसनांचे नवे स्टेडियम, उत्तम सराव केंद्र आणि भक्कम ताळेबंद. चाहते अजून भांडताहेत. मात्र लेव्ही गेले म्हणून क्लबचा पुढचा सामना अडला नाही.

माझ्या मते मोजपट्टी हीच असावी. अध्यक्ष गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काय चालू राहिले? पटेलांच्या काळात सोहळे दिमाखात झाले, पण त्यांच्यामागे उभे राहायला हवे होते ते नीट उभे राहिले नाही. विश्वचषक खेळलेल्या मुलांना एकत्र ठेवण्यासाठी २०१७ मध्ये पुन्हा सुरू केलेला इंडियन ॲरोज संघ २०२२ मध्ये बंद झाला. त्या वेळी पटेल पदावर नव्हते, तेव्हा हा निर्णय त्यांच्या नावावर टाकता येत नाही. प्रश्न असा की पाच वर्षांत तो इतका पक्का का झाला नाही, की पुढच्यांना बंद करणे अवघड जावे? १५ वर्षांचा करारही तसाच. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे सही केली त्या दिवसापासून माहीत होते. तरी नूतनीकरणाचे भिजत घोंगडे राहिले, जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा नवा हंगाम स्थगित झाला आणि नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकला नाही. पटेल जाऊन तीन वर्षे झाली होती, त्यामुळे इथे चौबे यांच्या कारभाराचा वाटा मोठा आहे. पण अख्खी वरची लीग एका करारावर टांगून ठेवण्याचा निर्णय २०१० चा.

जव्हार-मोखाड्याचा संबंध कुठे?

१५ सप्टेंबर २०१७ ला. विश्वचषकाच्या तोंडावर राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवले : एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळायचे. शाळांना चेंडू वाटले गेले. कल्पना चांगली होती, आणि राज्याने ती मनापासून केली. पण चेंडू वाटणे हे एका दिवसाचे काम. चेंडूत हवा भरणारा पंप, पावसाळ्यानंतर चिखल वाळला की मैदान सारखे करणारे कुणीतरी, पंचाचे नियम माहीत असलेले एक शिक्षक, शेजारच्या चार शाळांची छोटी साखळी स्पर्धा, यासाठी दरवर्षी थोडा पैसा आणि एक जबाबदार माणूस लागतो. महासंघ, ‘विफा’, जिल्हा संघटना आणि क्रीडा विभाग या उतरंडीत हे काम नेमके कुणाचे, याचे उत्तर तालुक्यातल्या मुख्याध्यापकाला ठाऊक नसेल तर दोष त्याचा नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला आहे. पदाधिकाऱ्यांच्या सलग कार्यकाळाला त्यात मर्यादा आहे, कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांना जागा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये महासंघाच्या नव्या घटनेलाही मान्यता दिली. दिल्लीतली खुर्ची यापुढे वेळेवर रिकामी होईलही. तालुका पातळीवर बघायचे तर पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतात. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतून किती शाळांनी फुटबॉलचे संघ उतरवले, त्यात मुलींचे किती आणि एक सामना हरल्यावर वर्षभरात त्यांना दुसरा किती दिवसांनी मिळाला, एवढे तीन आकडे तरी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे मागायला हरकत नाही. त्यासाठी महासंघात मत असावे लागत नाही, माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरतो.