तगरचे वस्त्र आणि आजचे कोष

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरहून, म्हणजेच धाराशिव जिल्ह्यातील तेरहून, मलमल व साधे कापड भडोच बंदरी जात असल्याची नोंद आहे. त्या व्यापाराची आज स्मृतीच उरली आहे. जपानच्या तांगो प्रांतात मात्र १७२० च्या सुमारास रुजलेले ‘चिरिमेन’ रेशीम अद्यापि विणले जाते. बाण्याला भरपूर पीळ देऊन विणलेले कापड उकळले की पीळ आखडतो व त्यावर बारीक चुण्या उमटतात. १९७४ साली तेथे पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदाही झाला. धाराशिवचा शेतकरी आज तुती लावून रेशीमकोष पिकवितो. परंतु कोष विकले की त्याचा संबंध संपतो, विणाईची मिळकत इतरांच्या पदरी पडते. तेरला संग्रहालय आहे. शासनाने आता तेथे मागही उभे करावेत.