पेडल मारू की पांघरूण ओढू?

रविवार. पहाटेचे पाच. मोबाइलचा अलार्म बोंबलतोय, बाहेर मिट्ट काळोख आहे, हॉलमध्ये चपलांच्या स्टँडला टेकून सायकल उभी आहे आणि माझं नाक ठार चोंदलंय. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'निघालो', 'निघाले' सुरू झालंय. साडेपाचला राजाराम पुलावर जमायचं, तिथून खडकवासला, डोणजे आणि मग सिंहगडाचा घाट. आणि मी गादीवर बसून आवंढा गिळून बघतेय. दुखतोय का घसा? थोडासा. की झोपायला निमित्त हवं म्हणून मीच तो दुखवून घेतेय?

तुम्ही सायकल चालवत नसाल, तर सायकलच्या जागी जिम घाला, बॅडमिंटन घाला, वेताळ टेकडी घाला. प्रश्न तोच. बरं वाटत नाहीये, तर जायचं की नाही? पुन्हा हा प्रश्न विचारणारी व्यक्ती आणि उत्तर देणारी व्यक्ती एकच असते, तिथेच सगळा घोळ होतो. कारण मागच्या सप्टेंबरमध्ये याच प्रश्नाचं मी धडधडीत खोटं उत्तर दिलं होतं. स्वतःलाच.

झालं असं, की शनिवारी संध्याकाळपासून अंग ठणकत होतं. डोळ्यांच्या मागे दुखत होतं. पण लागोपाठ तीन रविवार डेडलाइनच्या नावाखाली मी दांडी मारली होती. ग्रुपवर माझ्या नावाने स्टिकर्स निघाले होते. सायकलचे हप्ते चालू होते. आणि 'या वेळी घाट न थांबता चढणार' असं मीच मोठ्या तोंडाने जाहीर केलेलं. मग काय, पहाटे चारला उठून एक पॅरासिटॅमॉल घेतली आणि पाचला थर्मामीटर लावला. ९८.४! बघा, ताप नाहीच्चे! माझी हुशारी लक्षात आली ना? आधी गोळी घ्यायची आणि मग ताप बघायचा. मास कॉमच्या पहिल्या सेमिस्टरला सोर्स तपासायचा धडा शिकलेल्या मुलीची ही कथा.

धायरी फाट्यापर्यंत कसंबसं रेटलं. नांदेड फाट्याच्या पुढे भर दमट हवेत कुडकुडायला लागले. पाय जड, कानात ठोके. ग्रुप पुढे निघून गेला होता आणि मी 'आता किरकटवाडी, मग धरण, तिथे बघू' असा सौदा करत होते. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. अर्धा सेकंदच, पण तेवढ्यात हँडल वळलं आणि मागून आलेला पाण्याचा टँकर कर्कश हॉर्न देत हातभर अंतरावरून गेला. हातभर म्हणजे खरंच हातभर. त्याची हवा गालाला लागली.

मी कडेला मातीत बसले. ग्रुपमधले पन्नाशीचे एक काका नेहमी सगळ्यात मागे असतात. ते थांबले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अगं, भाजतंय की अंग! कोणी सांगितलं होतं यायला?"

कोणीच नव्हतं सांगितलं, काका. हाच तर प्रॉब्लेम आहे.

सायकल टेम्पोत टाकून घरी आले. सोमवारी आमच्या डॉक्टरकाकांकडे गेले. ते मला पोलिओच्या डोसपासून ओळखतात.

"ताप किती होता?"

"काल सकाळी ९८.४."

"गोळी घेऊन?"

"...हो."

"गोळीचा ताप नाही विचारला मी. तुझा सांग."

डेंगी निघाला. आता डेंगी काही सायकलने होत नाही, डासाने होतो. पण त्यात शरीरातलं पाणी टिकवणं सगळ्यात महत्त्वाचं असतं आणि मी ते सिंहगड रोडवर घामावाटे उधळून आले होते. गंमत पुढे आहे. बुधवारी ताप उतरला. मला वाटलं, सुटले! लॅपटॉप उघडला, एडिटरला मेसेज टाकला. तर डॉक्टरकाकांचा फोन: "ताप उतरला ना? मग आता खरं सांभाळायचं." डेंगीत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सगळ्यात जपण्याचे असतात. काहींच्या बाबतीत तेव्हाच रक्तवाहिन्यांमधलं पाणी झिरपायला लागतं, बीपी घसरतं. पोटात सारखं दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. (आणि अंग दुखतंय म्हणून मनानेच आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन अजिबात घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो.) गुरुवारी माझ्या प्लेटलेट्स ८२ हजार होत्या. नॉर्मल म्हणजे दीड लाखाच्या वर. दोन रात्री सलाइन. दोन स्टोऱ्या हातच्या गेल्या. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते मंडळी, थेट बिनपगारीच असते.

पडल्या पडल्या मग वाचत बसले, की इतर लोक हा निर्णय घेतात तरी कसा? तर एक फारच सोपा नियम सापडला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. रँडी आयकनर यांनी तो मांडला. मानेचा नियम म्हणू या. त्रास फक्त मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा जरा खवखवतोय, तर हलका व्यायाम चालतो. आधी दहा मिनिटं निम्म्या वेगाने करून बघायचा. बरं वाटलं तर पुढे, डोकं ठणकायला लागलं तर यू-टर्न. त्रास मानेच्या खाली उतरला असेल, म्हणजे छातीतून खोकला, अंगदुखी, उलट्या, जुलाब, तर घरी. आणि ताप असेल तर विषय संपला. वर नाही, खाली नाही, घरीच.

'घाम काढला की सर्दी पळते' हे तर आपल्याकडे प्रत्येक ऑफिसमध्ये एक तरी जण सांगतोच. त्याचाही हिशोब झालाय. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बॉल स्टेट युनिव्हर्सिटीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५० जणांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण केली, काहींना व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना नाही. दोन्ही गटांची सर्दी सारखीच राहिली. म्हणजे साध्या सर्दीत बेताच्या व्यायामाने ती वाढली नाही. पण पळालीही नाही हं!

तापाचं गणित वेगळं असतं. ताप एक डिग्री सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण आठ-दहा ठोक्यांनी वाढते. तुम्ही सोफ्यावर लोळत असलात तरी हृदय आधीच चढावर असतं, त्यात तुम्ही त्याला घाटात नेता. शिवाय काही विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतात. असं क्वचित होतं, पण होतं. स्वीडनमध्ये ओरिएंटीयरिंग नावाचा खेळ आहे, नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून धावायचं. १९७९ ते १९९२ या काळात या खेळातले १६ तरुण खेळाडू अचानक गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज होती. शेवटी तिथल्या संघटनेने काही महिने सरावच बंद ठेवला.

आणि सायकलवाल्यांना टॉम सिम्पसन ठाऊक असायलाच हवा. १९६५ चा वर्ल्ड चॅम्पियन. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये त्याचं पोट बिघडलं होतं, पण तो थांबला नाही. १३ जुलैला रणरणत्या उन्हात माँ व्हाँतूच्या चढावर, शिखर अगदी थोडं राहिलं असताना, तो कोसळला तो गेलाच. त्याच्या शरीरात अॅम्फेटामीन आणि अल्कोहोल सापडलं. अॅम्फेटामीन म्हणजे थकवा जाणवू न देणारी गोळी. तो २९ वर्षांचा होता. आत्ता मी ज्या वयात आहे, जवळपास त्याच. मी काही सिम्पसन नाही आणि पॅरासिटॅमॉल म्हणजे अॅम्फेटामीन नाही. पण शरीर ओरडतंय तर त्याच्या तोंडावर हात ठेवायचा, ही युक्ती आम्हा दोघांची एकच होती.

आजोबांना हे सगळं सांगितलं असतं तर ते हसले असते. ते रोज सदाशिव पेठेतून खडकीच्या फॅक्टरीत सायकलने जायचे. थंडीत, पावसात, आणि हो, अंगात कणकण असतानाही. पण त्यांना दुसरं वाहन नव्हतं. नाही गेले तर त्या दिवसाचा पगार कापला जायचा. माझ्या रविवारवर कसला पगार कटणार होता? चार-पाच दिवसांच्या सुट्टीने फिटनेस जात नाही, हेही मला माहीत होतं. मग मी का गेले?

खरं सांगू? भीती वाटत होती. घाटाची नाही, थांबायची. आज नाही गेले तर पुढच्या रविवारीही जाणार नाही, मग सायकल बाल्कनीत जाईल, तिच्यावर टॉवेल वाळत घातले जातील, आणि मी पुन्हा तीच होईन, लॅपटॉपसमोर बसून डिनरला वडापाव खाणारी. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी ट्रेडमिलवर कपडे वाळताहेत, हात वर करा! हीच भीती आपल्याला तापातही बाहेर काढते, आणि आपण तिला शिस्त असं भारदस्त नाव देतो.

तर आजची पहाट. या वेळी गोळी न घेताच थर्मामीटर लावला. ९८. पडल्या पडल्या नाडी मोजली. एरवी ६२ असते, आज ६४. अंगदुखी नाही, छातीत घरघर नाही. फक्त नाक. मानेच्या वर. ग्रुपवर टाकलं, 'येतेय, पण धरणापर्यंतच. सर्दी आहे, बाटली कोणाशी शेअर करणार नाही.' लगेच एक स्टिकर आलं. येऊ दे.

पहिली दहा मिनिटं निवांत चालवली. बरं वाटलं. नांदेड फाटा आला तसं आपोआप मागे वळून पाहिलं, टँकर नव्हता. काका होते. खडकवासल्याला धरणाच्या कडेला थांबून आलं घातलेला चहा घेतला. मग सगळे डोणजेच्या दिशेने निघाले आणि मी सायकल पुण्याकडे वळवली. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुपारी गडावरचा फोटो आला. सगळ्यांच्या पुढ्यात पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि कांदा. मी त्याला लाइक केलं आणि वाफारा घ्यायला पांघरुणात शिरले.